उजवी बाजू थोडी खाली

९ जानेवारी

आज 'रेघोट्या'वर माझं पहिलं चित्र टाकलं. टाकलं म्हणजे काय, फोनवर बोट दाबलं आणि फोन उशीखाली लपवला, चोरी केल्यासारखा. लेकीने मला या ग्रुपमध्ये घातलं. म्हणाली, "आई, तू दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करतेस आणि घरी येऊन टीव्हीशी भांडतेस. शाळेत चित्रं काढायचीस ना? काढ परत." शाळेतलं तिला कुणी सांगितलं देव जाणे. मीच सांगितलं असणार, फुशारकी मारताना.

सगळी हौशी मंडळी आहेत. कुणी कागदाची फुलं करतं, कुणी जुन्या बाटल्या रंगवतं. एक लोकरताई आहेत, त्या लोकरीची अस्वलं विणतात आणि प्रत्येकाचं नाक वेगळं असतं. सध्या 'एकच चेहरा' चाललंय. घरातलं एकच माणूस जमेल तेव्हा काढत राहायचं, थेट जूनपर्यंत. नियम असा की कच्चं आणि पक्कं चित्र शेजारी शेजारी टाकायचं, म्हणजे कुणी उगाच हुशारी दाखवायला नको. शेवटी निवडक चित्रं वाचनालयाच्या हॉलमध्ये लावणार आहेत.

माझ्या घरात माझ्याशिवाय माणूस आहेच कोण? ह्यांना खुर्चीत बसवलं. "माझं तोंड काय बघायचंय? लग्न झाल्यापासून बघतेयस," म्हणाले. मी म्हटलं, "बघितलंय कुणी! तुम्ही सदानकदा लिफ्टच्या खड्ड्यात."

चित्र बऱ्यापैकी बटाट्यासारखं आलं. पण बटाटा ह्यांच्यासारखा दिसतो, हे ग्रुपनेही मान्य केलं.

२३ जानेवारी

आता सवय झाली. मी दुकानातून येते, हे कामावरून येतात, हात धुताना शीळ घालतात. जुनी सवय. लिफ्ट दुरुस्त करतानाही घालतात म्हणे, वरच्या मजल्यावरच्या लोकांना कळतं, मिस्त्री आला. मग चहा घेऊन खिडकीजवळ बसतात आणि मी काढते. बोलत नाही आम्ही फारसं. तरी बरं वाटतं. इतक्या वर्षांत मी ह्यांच्याकडे असं टक लावून कधी बघितलं नव्हतं. भुवईत एक पांढरा केस आहे, तो सगळ्यांपेक्षा लांब आहे. उपटू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे, तुला काढायला होईल."

आज पट्टीवाल्यांनी माझ्या चित्रावर लाल रेघा मारल्या! हे ग्रुपमधले सगळ्यात मानाचे गृहस्थ. जन्मभर कारखान्यात यंत्रांची आरेखनं केली, आता निवृत्त आहेत आणि लोकांच्या चित्रांवर लाल रेघा मारून कुठे काय चुकलं ते दाखवतात. ते दखल घेत नाहीत तोवर तुम्ही कुणीच नाही. मला 'कान फार वर' असं लिहून आलं. मी आनंदाने लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, चूक काढलीये त्यांनी." म्हटलं, तुला नाही कळायचं.

१६ फेब्रुवारी

लाल रेघ. "तोंडाची उजवी बाजू थोडी खाली आली आहे. चित्र फोनवर उलटं करून बघा, चूक लगेच दिसेल."

उलटं करून बघितलं. अगदी खरं. ओठाचा कोपरा उतरलेला, जणू ह्यांना माझ्या स्वयंपाकाचा वास आवडलेला नाही. काढताना मला कसं दिसलं नाही? खोडलं, वर घेतलं, पक्कं काढलं. दुकानात मी हेच करते. दोन्ही बाह्या सारख्या लागल्याशिवाय कपडा हातातून सोडत नाही. मालकीणबाई म्हणतात, "तुझ्या हाताखालून गेलेला शर्ट डोळे मिटून घालावा." आणि नवऱ्याचं तोंड वाकडं काढते मी.

८ मार्च

परत तेच. उजवी बाजू खाली. यावेळी काढताना डोळ्यांत तेल घालून बसले होते तरी. खोडलं, सरळ केलं.

घरात वातावरण बिघडलंय. ह्यांना काही सांगायला जावं तर ऐकल्या न ऐकल्यासारखं करतात. आज ओट्याजवळून दोनदा हाक मारली, शेजारच्या बाई दारात येऊन विचारून गेल्या काय झालं, पण हे पेपर वाचत ढिम्म. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे मान वर केली. "काय?" म्हणे. काय काय! टीव्हीचा आवाज तर असा ठेवतात की खालच्या मजल्याला बातम्या फुकटात मिळाव्यात. शिवाय चहा पिताना शर्टावर सांडतात. धुवायला मी आहेच.

शीळ पण बंद आहे. विचारलं, तर म्हणाले, "मूड नाही." ह्यांना मूड कधीपासून यायला लागला?

२१ मार्च

नणंदबाई येऊन गेल्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काढ मला पण." काढलं. एका बैठकीत, खाडाखोड न करता! डोळे सारखे, ओठ सारखे, हनुवटीखालची वळीसुद्धा मधोमध. मी इतकी खूश झाले. तेवढ्यात त्यांनी ह्यांची चित्रं मागितली, एकेक उलटून बघितली आणि म्हणाल्या, "माझं छान आलं. माझ्या भावाचं मात्र तुला जमत नाही हं. मनात अढी असली की हात बरोबर तिथेच चुकतो."

अढी कसली? चहा दिला, बिस्किटं दिली, रिक्षात बसवून आले. आल्यापासून तेच डोक्यात आहे. नणंदबाई फटकळ आहेत, पण उगाच बोलत नाहीत. दुकानातल्या मालकीणबाईंचा चेहरा काढला, सरळ आला. लेकीचा फोटो बघून काढला, सरळ आला. मग ह्यांचाच का येत नाही? खरं लिहायचं तर हल्ली हे हसले की मला राग येतो. अर्ध्याच तोंडाने हसतात. मी काही दाखवायला जावं आणि समोरच्याने कुचेष्टेने ओठ मुरडावा, तसं. तेच माझ्या हातातून कागदावर उतरत असेल.

असं असेल तर हे चित्र काढणं नाही, घर मोडणं आहे.

४ एप्रिल

युक्ती सापडली! आणि ती माझ्याच धंद्यातली, इतके दिवस सुचली कशी नाही? आपण शर्टाची पाठ कापताना कापड दुमडतो, अर्धाच भाग आखतो आणि कापतो, उघडलं की दोन्ही बाजू बरोब्बर. तसंच केलं. ह्यांची डावी बाजू मला चांगली जमते. तेवढीच काढली. कागदाची मधोमध घडी घातली, खिडकीच्या काचेवर धरली आणि दुसरा अर्धा गिरवला. उघडून बघते तर काय, माझा नवरा! अगदी लग्नातल्या फोटोत आहे तसा.

कच्चं म्हणून आधीचंच एक वाकडं टाकलं. लबाडी आहे, पण कोण विचारतंय. पट्टीवाल्यांनी लिहिलं, "आज एकही लाल रेघ नाही. अभिनंदन." खाली टाळ्यांचा पाऊस. माझा चेहरा इतका लाल झाला की दुकानात गिऱ्हाइकाने विचारलं, ताप आहे का.

ह्यांना फोन दाखवला. बराच वेळ बघत राहिले. बोटांनी मोठं करून ओठ बघितले, डोळे बघितले. मग म्हणाले, "सरळ आलंय." बस्स. फोन परत दिला आणि अंघोळीला गेले. एक शब्द कौतुकाचा नाही. मी आतल्या आत इतकी चिडले, टॉवेल दिलाच नाही.

१९ एप्रिल

हे आरशासमोर उभे असतात. दाढी झाली तरी उभेच. आज मी दारातून बघितलं तर गालावर हात ठेवून स्वतःकडे बघत होते. मी म्हटलं, "काय नवरदेव, कुठे जायचंय?" दचकले. दार लावून घेतलं.

लेकीला फोनवर सांगितलं, तुझ्या बाबांचं काहीतरी बाहेर आहे. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाबा? बाबांना घरातलं एक झेपत नाही." हसायला काय जातं हिचं. पुरुष या वयात आरशापुढे उभा राहतो तो कुणासाठी?

घडीची चित्रं चालूच आहेत. कच्चं मात्र नियमापुरतं समोर बसून पूर्ण काढते, ते वाकडंच येतं. निवडसमितीकडून निरोप आला, वाचनालयात माझी चित्रं लागणार. एरवी मी नाचले असते.

७ मे

आज हे बसले होते आणि उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. नुसतं वाहत होतं, पुसतही नव्हते. मी पेन्सिल खाली ठेवली. "अहो, काय झालं? मला सांगा तरी." तर म्हणे, "डोळ्यात काही गेलंय."

"रोज जातं?"

"वारा लागतो."

मी रडले. समोर बसून रडले, लाज सोडून. म्हटलं, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा, पण हे असं गप्प राहणं मला सोसत नाही. माझ्याकडे बघून अर्धं हसता, बोलले की ऐकत नाही, जवळ बसलं की खुर्ची फिरवून बसता. मला सोडून जायचंय का? ह्यांनी पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तू चित्र काढ. तू काढलंस की मला बरं वाटतं."

याचा अर्थ काय घ्यायचा? मला वाटलं माझी समजूत काढतायत. उठून भांडी घासली. जेवण दोघांनी वेगवेगळं घेतलं. मला आज कुणी विचारलं की तुझं आयुष्य कसं चाललंय, तर मी सांगेन, संपलं.

१५ मे

लोकरताईंचा निरोप आला, ग्रुपवर नाही, फक्त मला. जसाच्या तसा उतरवते.

"ताई, राग मानू नका. चित्राबद्दल बोलत नाहीये. तुमची कच्ची चित्रं मी आज ओळीने बघितली. माझा हात चुकतो तेव्हा अस्वलाचा कान कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे. तुमचा हात प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकलाय आणि दर महिन्याला जरा जास्त. हात असा चुकत नाही. मिस्टरांना गाल फुगवायला सांगून बघता का?"

आधी संताप आला. अस्वलं विणणारी बाई मला चित्र शिकवणार! फोन फेकला सोफ्यावर. मग उचलला. मग सगळे कच्चे कागद काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. त्यावरचं खोडलेलंसुद्धा पुसट दिसत होतं.

जानेवारीतला बटाटा सरळ आहे. फेब्रुवारीत ओठ उतरलाय. मार्चमध्ये गालाची घडी नाहीशी झालीये. नंतरच्या कागदावर उजव्या डोळ्याची खालची पापणी लोंबतेय. हे सगळं मी काढलंय. माझ्या हाताने. बघून.

हे आले तेव्हा मी दारातच उभी होते. "गाल फुगवा," म्हटलं. "काय खुळ्यासारखं," म्हणाले, तरी फुगवला. डावा फुगला. उजव्या कोपऱ्यातून हवा सुटली, फुस्स. परत केला, परत तेच. "शीळ घाला," म्हटलं. ओठ जुळवायला गेले आणि थांबले. मान खाली घातली.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

२ जून

तपासण्या झाल्या. मशीनमध्ये घातलं, कानाला यंत्र लावून बघितलं. उजवा कान जवळजवळ गेलाय. म्हणजे माझ्या हाका. मी ज्या बाजूने हाका मारायचे त्याच बाजूने ह्यांना काही ऐकू येत नव्हतं, आणि मी शेजारणीला सांगत सुटले होते की हा माणूस मला मोजत नाही.

डॉक्टर बाई तरुण आहेत, शांत बोलतात. कानाच्या आत गाठ आहे, चेहऱ्याच्या नसेवर. हळूहळू वाढणारी. काढावी लागेल, नाहीतर आत मेंदूकडे सरकेल. "नस वाचेल का?" लेकीने विचारलं. ती सकाळीच आली.

"आता कठीण आहे," बाई म्हणाल्या. "अगदी सुरुवातीला आला असतात तर शक्यता बरीच जास्त होती. चेहऱ्यात फरक कधीपासून जाणवतोय?"

हे म्हणाले, "झाले थोडे दिवस."

मी म्हणाले, "फेब्रुवारीपासून."

तोंडातून निघून गेलं. हे माझ्याकडे वळून बघायला लागले.

बाहेर आलो, लेक पाणी आणायला गेली. बाकावर मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले. मग हेच बोलले.

"मला आरशात दिसत होतं. दाढी करताना. वाटायचं, तोंड ओढलं जातंय. मग तू चित्र टाकलंस की मी माझ्या फोनवर बघायचो."

"तुम्ही बघायचात?"

"रोज. लेकीने मलापण घातलंय त्या ग्रुपात. काही लिहीत नाही, नुसता बघतो. चित्रात तोंड सरळ असायचं. म्हटलं, ही समोर बसून इतका वेळ बघते, हिला वाकडं दिसत नाही म्हणजे नसणारच. आपल्यालाच भास होतोय. उगाच डॉक्टरकडे जाऊन कशाला घाबरवा तुला."

"शेजारी कच्चं पण असायचं की."

"त्यावर त्या पट्टीवाल्यांच्या रेघा असायच्या. चुकलंय असं लिहिलेलं असायचं. मी चुकलंय असंच समजलो."

तू काढलंस की मला बरं वाटतं. हे म्हणाले होते आणि मी भांडी घासायला उठून गेले होते.

मग मी सांगितलं. घडीचं सांगितलं. की ती चित्रं ह्यांची नव्हतीच, ह्यांचा चांगला अर्धा दोनदा होता. मला वाकडं दिसत होतं, हात ते काढत होता आणि मी बसून खोडत होते. सारखं करत होते, शर्टासारखं.

लेक पाणी घेऊन आली, ह्यांनी तिच्या हातातून बाटली घेतली. पिताना उजवीकडून सांडलं, पुसलं. घरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

५ जून

अजून बोलत नाहीत. लेकीशी बोलतात. जेवतात, औषध घेतात. मी समोर गेले की खिडकीकडे बघतात. ओरडले असते तर बरं झालं असतं. हक्क आहे त्यांचा. मी रोज त्या चेहऱ्यासमोर बसले होते. डॉक्टर नव्हते, मान्य, पण आंधळीही नव्हते. मला दिसलं होतं आणि एका लाल रेघेवर विश्वास ठेवून मी माझेच डोळे खोटे ठरवले.

ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, वाचनालयातली चित्रं काढून घ्या म्हणून सांगितलं. पट्टीवाल्यांनी माझ्या चित्रांवरच्या सगळ्या लाल रेघा पुसून टाकल्या. आता पुसून काय उपयोग? नंतर त्यांचा फोन आला. म्हातारा माणूस, नुसता "बाई, बाई" म्हणत राहिला. मला त्यांची समजूत काढायला जमलं नाही. फोन ठेवून दिला.

लोकरताई रोज निरोप पाठवतात. 'आज काही खाल्लंत का?' एवढंच. त्यांना मी उत्तर देते.

९ जून

उद्या ऑपरेशन. लेकीने बॅग भरली. मी ह्यांचे घरातले झब्बे पुढून पूर्ण उघडणारे करून घेतले, पट्टी बांधलेली असेल तेव्हा डोक्यातून घालायला नकोत म्हणून. शिवून पलंगावर ठेवले. ह्यांनी एक उचलला, बटणं बघितली, परत घडी घालून ठेवला.

"भीती वाटतेय का?" मी विचारलं.

मान हलवली. हो म्हणून.

१२ जून

जीव वाचला. गाठ पूर्ण निघाली. नस गेली. डॉक्टर बाईंनी दोन्ही एकाच सुरात सांगितलं. लेक मला धरून रडली. मला रडू येईना. मी विचारलं, हसू येईल का ह्यांना? म्हणाल्या, डाव्या बाजूने. पुढे अजून एक ऑपरेशन करता येतं, थोडी मदत होते, पण पूर्वीसारखं नाही. ऐकू त्या कानाने येणार नाही.

१६ जून

आज पट्टी उतरवली. नर्स म्हणाली, "आरसा आणू का?" आणि आणलाही, हातात धरायचा, छोटा. ह्यांनी हाताने बाजूला सारला. मला वाटलं, बघायचं नाहीये. मी आरसा कपाटात ठेवला आणि लेकीला म्हटलं, चल, बाबांना झोपू दे.

"थांब," हे म्हणाले. शब्द ओठातून निसटल्यासारखे येतात. बाकावरच्या त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. "आरसा नको. तू सांग."

"मी?"

"बघ आणि सांग. आहे तसं."

लेक बाहेर गेली. मी खुर्ची डाव्या बाजूला ओढून बसले आणि बघितलं. खोटं बोलावं असं फार वाटलं. फार. 'काही नाही हो, होईल सगळं ठीक.' जिभेवर आलं होतं.

"उजवी भुवई उतरलीये," मी म्हटलं. "कपाळावर तिकडे एकही आठी नाही. डोळा उघडा आहे, मिटत नाहीये. खालची पापणी लोंबतेय, आतलं लाल दिसतंय. नाक डावीकडे ओढलं गेलंय. उजवा गाल सपाट आहे. ओठाचा कोपरा खाली आहे, तिथून लाळ येतेय. कानामागे टाके आहेत, केस काढलेत."

"वाईट दिसतं?"

"हो," म्हटलं. "वाईट दिसतं."

हे ऐकत होते. डोळे माझ्यावरून हलले नाहीत. "अजून?" म्हणाले.

"डावी बाजू आहे तशीच आहे. तो पांढरा केस आहे अजून. आता कोपरा हलतोय, डावा. गाल पण हलतोय." माझा आवाज फुटला, तरी थांबले नाही. "अहो, तुम्ही हसताय की रडताय, ते मला कळत नाहीये."

"मलाही नाही," हे म्हणाले.